पेन कंपनीचे, गोळी आमची

संग्रह करण्याची हौस माणसाला लहानपणी लागते आणि बहुतेकांची संसाराला लागल्यावर सुटते. आमच्या वर्गात कुणी पोस्टाची तिकिटे जमवी, कुणी काड्यापेट्यांवरची चित्रे, तर एक बहाद्दर एस. टी.ची वापरलेली तिकिटे वहीत चिकटवून ठेवी आणि त्यावरून महाराष्ट्राचा भूगोल सांगे. ज्यांची हौस सुटत नाही त्यांच्यापैकी एखादाच थोर निघतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, वज्र्या आणि दिवे जमवता जमवता अख्खे संग्रहालय उभे केले, आणि आज घरी पाहुणे आले की आपण त्यांना मोठ्या अभिमानाने तिकडे घेऊन जातो. बाकीच्यांच्या संग्रहाला घरातली मंडळी 'अडगळ' म्हणतात.

माझा संग्रह या दुसऱ्या जातीचा. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, बुटांचे एक खोके आणि टेबलाचा खालचा खण एवढ्यात तो मावतो. परवा दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा सगळा बाहेर काढून मोजला. पेने ५८, टिपणवह्या १९, टेबलावरच्या दिनदर्शिका ११, किल्ल्यांच्या साखळ्या ६, कागदावर ठेवायची वजने ४, रबरी चेंडू २, घड्याळ १ (बंद), आणि दोन्ही अर्धे सुटे होणारा प्लास्टिकचा मेंदू १. यातल्या प्रत्येक वस्तूवर कुठल्या ना कुठल्या औषधाचे नाव छापलेले आहे, आणि ती सारी औषधे मनाच्या आजारांवरची आहेत.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी गुडघेदुखी, आमच्या सोसायटीतले पाण्याचे राजकारण आणि माझी बँकेतली चाकरी हे सगळे तोंडपाठ आहे. हे मात्र आजवर लिहायचे राहिले होते. १९९९ पासून मी मनोविकारतज्ज्ञांचा रुग्ण आहे. कधी मन इतके वर चढते की रात्री दोन वाजता घरातले सगळे पंखे उतरवून पुसायला घ्यावेसे वाटते. कधी ते इतके खाली जाते की दारावरची घंटा वाजली तरी उठून कडी काढायचे बळ राहत नाही. डॉक्टर याला बायपोलर म्हणतात. आमच्या आत्याबाई 'त्याचं जरा तसंच आहे' असे म्हणत, आणि मला वाटते निदान त्यांचेही चुकीचे नव्हते.

आता या आजाराचा आणि पेनांचा संबंध काय, ते सांगतो.

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर दोन तऱ्हेची माणसे बसलेली असतात. एक आम्ही. आम्ही सहसा समोर पाहत नाही. कुणी ओळखीचे निघेल या धास्तीने स्वतःच्या चपलांचे निरीक्षण करतो. दुसरे असतात ते कडक इस्त्रीचे, गळ्यात टाय आणि पायाशी जडशी काळी बॅग घेतलेले एम. आर., म्हणजे औषध कंपन्यांचे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. दोन-चार रुग्ण झाले की एका एम. आर.ला आत सोडतात. दोन मिनिटांत तो बाहेर येतो. त्यानंतर माझी पाळी आली की मी आत जातो, आणि टेबलावर गेल्या महिन्यात नसलेली एक वस्तू मला दिसते. (या मुलांविषयी माझ्या मनात आकस नाही. महिनाअखेरीला त्यांच्या चेहऱ्यावर टार्गेटचे जे सावट असते ते पाहून कित्येकदा वाटते, की माझ्याआधी यालाच तपासावे.)

पहिले पेन मला डॉक्टरांनीच दिले. कुठलासा कागद भरायचा होता. लिहून झाल्यावर मी ते परत करू लागलो तर म्हणाले, "राहू द्या, अशी ढीगभर आहेत." बँकेत काउंटरवरचे पेन दोरीने बांधणाऱ्या माणसाला या औदार्याचे किती अप्रूप वाटावे! घरी येऊन पाहतो तो पेनावर माझ्याच गोळीचे नाव. पुढे ओळख वाढली, तशी दवाखान्यातली कंपाउंडर मुलगी वर्षातून दोनदा खण साफ करताना मला हाक मारू लागली. "काका, हे नेताय का? नाहीतर रद्दीत जाईल." असा हा संग्रह वाढला.

वस्तू पाहण्यासारख्या आहेत. एका पेनाच्या टोपणात तेल भरलेले असून त्यात एक इवलीशी कॅप्सूल वरखाली पोहते. माझ्या आजाराचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे पाहिले नाही. दिनदर्शिकांचे तर एक वेगळेच जग आहे. उदासीवरच्या औषधाच्या दिनदर्शिकेत जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत माणसे हिरवळीवरून धावतात. मी अकराही दिनदर्शिका उलटून पाहिल्या. एकाही महिन्यात कुणी नुसते बसलेले नाही. मला बरे वाटते तेव्हा मी खुर्चीत बसून चहा पितो, पण असला सुखी माणूस दिनदर्शिकेच्या कामाचा नसावा. शिवाय एक गंमत. माझ्याजवळच्या चित्रांत उदास असते ती बहुतेक बाई, डावीकडे करड्या रंगात कपाळाला हात लावलेली आणि उजवीकडे तीच पिवळ्या साडीत मुलाला उचलून घेतलेली. आणि भ्रम होतात ते बहुतेक पुरुषांना. उदास पुरुष कंपन्यांना सापडत नसावेत. मी बाहेरच बाकावर बसलेला असतो.

टिपणवह्यांचा उपयोग घरात झाला. कोरा कागद वाया घालवणे आमच्या हिच्या लेखी पाप, तेव्हा वाण्याची यादी त्यांवर होऊ लागली. वर ठळक इंग्रजीत 'स्किझोफ्रेनिया' आणि खाली 'तूरडाळ दोन किलो, साबुदाणा अर्धा, हिंगाची डबी' असा मजकूर. दोन-तीन याद्या गेल्यावर वाण्याचा मुलगा चिठ्ठी जरा जास्तच वेळ वाचू लागला. त्या रात्री ही कात्री घेऊन बसली आणि वहीचे एकेक पान घेऊन वरची पट्टी कापत राहिली. मी पेपर वाचत होतो. पट्ट्यांचा छोटासा ढीग झाला, तो तिने केराच्या टोपलीत न टाकता बंबात टाकला.

पुढे मुलीचे लग्न जमवायचे होते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाहेरच्या खोलीतले टेबल रिकामे दिसले. घड्याळ, मेंदू, पेनांचा पेला, सगळे माळ्यावर गेले होते. यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. लग्न ठरले. मग साखरपुड्याच्या आधी मुलीनेच सासरच्यांना सगळे सांगून टाकले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. मेंदू मात्र आणखी दोन वर्षे माळ्यावरच होता. नातू चालू लागला तेव्हा त्याने तो खाली आणवला.

खरे म्हणजे या वस्तू रोग्यासाठी नसतातच. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात थेट लोकांपुढे करायला मुभा आहे. आपल्याकडे तशी पद्धत नाही. कंपनीचे सारे बोलणे डॉक्टरांशी. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आम्हाला त्यातले कानावर येते ते तिरके, पेनाच्या बाजूवरून आणि घड्याळाच्या तबकडीवरून. मुलगी पाहायला आलेली मंडळी स्वयंपाकघरातली कुजबुज ऐकतात, तसे आम्ही ते ऐकतो.

अमेरिकेत जाहिरात मोकळी असूनही डॉक्टरांच्या टेबलावरची गर्दी काही कमी नव्हती. पेने, चहाचे मग, घड्याळे यांचा तिकडे नुसता पूर आला होता. त्यातली एक वस्तू माझ्याजवळ नाही, आणि ती नसल्याचे मला समाधान आहे. मुलांच्या मनोविकारांचा इलाज करणाऱ्या दवाखान्यांत तिथे लेगोच्या रंगीत विटा असत, आणि त्यांवर 'रिस्परडाल' हे औषधाचे नाव उठवलेले असे. बाहेर बसलेली पोरे त्या विटांची घरे बांधीत आणि आत त्यांच्या आईबापांना औषध समजावून सांगितले जाई. हे औषध जॉन्सन अँड जॉन्सनचे. त्याची आणि आणखी दोन औषधांची मंजुरी नसलेल्या कारणांसाठी विक्री वाढवल्याच्या आरोपांवरून नोव्हेंबर २०१३ मध्ये या कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि २२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायचे मान्य केले. विटांचा हिशोब त्यात निराळा दाखवलेला नसणार.

तिथल्या काही डॉक्टरांनाच हे खटकत होते. 'नो फ्री लंच' म्हणजे 'जेवण फुकट नसते' अशा नावाची त्यांची एक संघटना होती. तिने पेनांसाठी अभयदान योजना काढली. कंपनीची पेने आणून द्या, त्यांच्या बदल्यात आमची साधी पेने घेऊन जा! शस्त्रे खाली ठेवणाऱ्या दरोडेखोरांना देतात तशी ही माफी. पुढे जानेवारी २००९ पासून तिथल्या औषध कंपन्यांनी स्वतःच्या आचारसंहितेने पेने, मग आणि टिपणवह्या वाटणे बंद केले.

आपल्याकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी घ्यायला बंदी केली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी नवी संहिता काढली. तिच्यात डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू नकोत, नमुन्याच्या गोळ्या एका डॉक्टरला एका औषधाच्या वर्षाला १२ पाकिटांपेक्षा जास्त नकोत, असे बारीक हिशोब आहेत. पुस्तके, दिनदर्शिका, रोजनिश्या वगैरे माहितीच्या वस्तूंना सूट आहे, पण त्या प्रत्येकी १००० रुपयांच्या आतल्या हव्यात. म्हणजे हिरवळीवरून धावणारी माणसे अजून काही वर्षे धावतील.

तुम्ही म्हणाल, की एका दहा रुपयांच्या पेनाने शिकलासवरलेला डॉक्टर थोडाच विकला जातो? डॉक्टरांनाही असेच वाटते. २००१ साली अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता. कंपन्यांच्या प्रचाराचा माझ्या औषध लिहिण्यावर परिणाम होत नाही, असे शंभरातल्या ६१ जणांनी सांगितले. मग विचारले, तुमच्या बरोबरीच्या डॉक्टरांवर होतो का? त्यांच्यावरही होत नाही, असे म्हणणारे निघाले फक्त १६. आमच्या सोसायटीच्या सभेतही हीच स्थिती असते. पाणी जपून वापरतो तो प्रत्येकजण, आणि टाकी रिकामी करतात ते शेजारी.

हे आकडे मी वाचले होते, म्हणूनच एके दिवशी माझी पंचाईत झाली. तो २०१९ सालचा पावसाळा असावा. डॉक्टरांच्या टेबलावर नवे कोरे घड्याळ होते. तबकडीवर एका नव्या गोळीचे नाव, आणि काट्यांच्या टोकाला तिचाच निळा रंग. आणि त्याच दिवशी माझ्या चिठ्ठीवर तीच गोळी वाढली.

वाचकहो, हृदयाच्या रोग्याने अशा वेळी प्रश्न विचारला तर त्याला चौकस म्हणतात. मधुमेहाच्या रोग्याने विचारला तर जागरूक म्हणतात. मी विचारला तर? संशय हे आमच्या आजारातले एक लक्षण आहे. कंपन्यांनी डॉक्टरला वश केले आहे असे म्हणणारे रोगी डॉक्टरांनी कमी पाहिलेले नसतात, आणि त्यांचा डोस वाढवायचा असतो. मी खुर्चीत बसून वाक्य तीनदा मनाशी घोळवले. त्यात 'कट' हा शब्द येऊ नये, आवाज चढू नये, आणि हात मांडीवर स्थिर असावेत, एवढी तयारी करून विचारले, "डॉक्टर, ही गोळी या घड्याळामुळे तर नाही ना?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे. माझ्या केसपेपरावर काही लिहितात की काय म्हणून मी त्यांच्या पेनाकडे पाहत होतो. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "माझ्या मते नाही. पण घड्याळामुळे लिहिली असती, तरी मला 'नाही' असंच वाटलं असतं. तेव्हा माझ्या उत्तराचा तुम्हाला फारसा उपयोग नाही." मग त्यांनी कागद पुढे ओढला. झोप का उडते आहे, जुनी गोळी का पुरत नाही, नवीने वजन आणि साखर किती वाढू शकते, कोणती तपासणी कधी करायची, हे सगळे पहिल्या भेटीतल्यासारखे समजावून सांगितले. चिठ्ठीवरचे कंपनीचे नाव खोडून औषधाचे मूळ नाव मोठ्या छापील अक्षरांत लिहिले. ती गोळी मी घेतली आणि मला झोप लागली. जनऔषधी केंद्रात ती निम्म्याहून कमी पैशांत मिळाली.

पुढच्या महिन्यात घड्याळ टेबलावर नव्हते. बाहेर पडताना कंपाउंडर मुलगी म्हणाली, "काका, तुमच्यासाठी ठेवलंय." संग्रहातले बंद घड्याळ ते हेच. सेल घातला की चालते, पण मी घालत नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च दाखवून कंपन्यांना प्राप्तिकरात सूट मागता येणार नाही असा निकाल दिला. या भेटी फुकट नसतात, त्यांची किंमत औषधाच्या किमतीत मिसळलेली असते, असेही त्यात म्हटले आहे. मी हे घरात वाचून दाखवले. ही म्हणाली, "म्हणजे या वह्या आपल्याच पैशाच्या? मग वाण्याच्या मेल्या त्या पोरासाठी मी उगीच पट्ट्या कापल्या."

यंदा मोजदाद करताना मी वस्तू औषधांप्रमाणे लावल्या. उदासीवरची एका रांगेत, झोपेची एका रांगेत, भ्रमावरची तिसऱ्या. सगळे लावून झाल्यावर लक्षात आले, की लिथियमची रांगच नाही. मला सव्वीस वर्षे ज्याने उभे ठेवले ते औषध लिथियम. बाकीच्या गोळ्या आल्या आणि गेल्या. पण त्याच्या नावाचे पेन नाही, वही नाही, साधी किल्लीची साखळीसुद्धा नाही.

लिथियम हा जमिनीत सापडणारा धातू, आणि औषध म्हणून देतात ते त्याचे क्षार, म्हणजे मिठाच्याच जातीतले. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादाच्या दहा रोग्यांना ते देऊन पाहिले आणि आपले निष्कर्ष छापले. त्याच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. मनाच्या आजारांवरची आजची बहुतेक औषधे बाजारात आली ती त्यानंतर. लिथियम फार जपून द्यावे लागते. रक्तातले प्रमाण वरचेवर तपासावे लागते, ते जास्त झाले तर विष होते. पण ज्याला लागू पडते त्याला लागू पडते. आणि निसर्गातल्या मिठाचे पेटंट कोण घेणार? मी बाकावरच्या एका एम. आर.ला विचारले, "काय हो, लिथियमचं पेन नाही का तुमच्याकडे?" तो हसला. "काका, त्यात आम्हाला काय उरतं?" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आमची आई पण लिथियमवरच आहे." आणि त्याची पाळी आल्याने बॅग उचलून आत गेला.

संग्रहातली पेने मी सहसा वापरत नाही. गेल्या चैत्रात मात्र घाईत त्यातलेच एक खिशाला लावून बँकेत गेलो. पैसे भरायच्या काउंटरवर दोरी होती, पेन नव्हते. मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझे मागितले. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, शाळेत शिकवत असाव्यात. चिठ्ठी भरता भरता त्या थांबल्या. पेन फिरवून त्यांनी नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा चिठ्ठीत डोके घातले. मी आपला चपलांकडे पाहू लागलो, सवयच ती.

"तुम्ही किती घेता?" त्या चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणाल्या.

"पाच. रात्री."

"मला दहा." त्यांनी रकमेचा आकडा अक्षरांत लिहिला, सही केली. "वजन वाढलं का हो तुमचं?"

"सहा किलो."

"माझं नऊ. गहू बंद करून ज्वारी सुरू केली, त्याने जरा फरक पडला." मग त्यांचा नंबर आला. पैसे भरून झाले, पावती पिशवीत गेली, आणि जाताना त्या माझ्याकडे बघून मोकळेपणाने हसल्या.

पेन त्या घेऊन गेल्या. आता पेने ५७.